सीटीओ असला तरी घरी येऊन जबरदस्तीने औषध देता येत नाही: इंग्लंडमधला अनुभव आणि आपल्याकडे काय करता येतं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ चौतीस वर्षांचा, कराडजवळ आईवडिलांसोबत राहतो, स्किझोफ्रेनिया आहे, तीनदा ॲडमिट झालाय, दरवेळी सुधारून घरी येतो आणि दोन-तीन महिन्यांत गोळ्या बंद करतो. तुमच्या आतेभावाचा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला, त्यालाही हाच आजार, पण तो "सीटीओवर" आहे (म्हणजे कायद्याने अटी घालून घरी सोडलेला, खाली सांगतो) आणि दोन वर्षं व्यवस्थित चाललंय. म्हणून तुम्ही विचारलंय की तिकडे कायद्याने औषध घ्यायला लावतात तसं आपल्याकडे का नाही, आणि नसेलच तर जेवणात गोळी मिसळली तर चालेल का.

मी सायकियाट्रिस्ट आहे, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथली सरकारी आरोग्यसेवा) कम्युनिटी टीममध्ये, म्हणजे घरी राहणाऱ्या पेशंटना बघणाऱ्या टीममध्ये होतो, सीटीओच्या कागदांवर स्वतः सह्या केल्यात, आता पुण्यात प्रॅक्टिस करतो. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

सीटीओ म्हणजे कम्युनिटी ट्रीटमेंट ऑर्डर. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1983 चा मेंटल हेल्थ ॲक्ट आहे, त्यात 2007 मध्ये दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर 2008 पासून हे सुरू झालं. सरळ घरी असलेल्या माणसावर तो लावता येत नाही हे आधी लक्षात घ्या. पेशंट आधी सक्तीने ॲडमिट असावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा त्या कायद्याच्या सेक्शन 3 खाली, आणि डिस्चार्जच्या वेळी त्याचा मुख्य डॉक्टर म्हणतो की घरी जा पण या या अटींवर. एकट्या डॉक्टरच्या सहीने चालत नाही, एएमएचपी म्हणून एक वेगळा अधिकारी असतो, जास्त करून सोशल वर्कर, त्याला पटलं तरच ऑर्डर होते. पहिल्यांदा सहा महिने, मग वाढवली तर आणखी सहा, त्यानंतर एकेक वर्ष. पेशंट ट्रायब्युनलकडे दाद मागू शकतो, त्याची बाजू मांडणारा माणूस त्याला फुकट मिळतो.

आता जो गैरसमज तुमच्या आतेभावाचाही दिसतोय, आणि खरं सांगायचं तर तिथल्या निम्म्या पेशंटांचाही असतो, तो हा की सीटीओ आहे म्हणजे नर्स घरी येऊन धरून इंजेक्शन देऊ शकते. नाही देऊ शकत. ज्याला समजतंय उमजतंय असा पेशंट दारात उभा राहून "नको" म्हणाला तर नर्सने बॅग उचलायची आणि परत जायचं, कायदा त्याच्या घरात जबरदस्ती करू देत नाही. इतकंच काय, "महिन्याला डिपो (बरेच दिवस पुरणारं इंजेक्शन) घेणे" ही अट कागदावर लिहिलेली असली आणि त्याने ती मोडली, तरी तेवढ्या कारणाने त्याला हॉस्पिटलात परत बोलावता येत नाही. डॉक्टरला दाखवावं लागतं की याला आता हॉस्पिटलात उपचारांची गरज आहे आणि नाही बोलावलं तर त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला, तब्येतीला धोका आहे.

मग सीटीओमध्ये आहे काय? रीकॉल आहे, म्हणजे हॉस्पिटलात परत बोलावणं. ते प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो कारण कागदावर फार सोपं वाटतं. डॉक्टर सीटीओ3 नावाचा फॉर्म भरतो, तो पेशंटच्या हातात द्यायचा. हातात दिला तर लगेच लागू, दार उघडलंच नाही म्हणून लेटरबॉक्समधून आत टाकला तर दुसऱ्या दिवशी लागू. तरी नाही आला तर पोलीस आणि ॲम्ब्युलन्स, आणि दार उघडून आत शिरायचं असेल तर मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट. हे सगळं जुळवताना मध्येच वॉर्डमधून फोन येतो की बेड गेला. एकदाचा हॉस्पिटलात पोचला की 72 तास मिळतात, तेवढ्यात ठरवायचं, ऑर्डर रद्द करून परत ॲडमिट ठेवायचं की सोडायचं. बऱ्याचदा असं होतं की पेशंट वॉर्डात येतो, चहा घेतो, थोडी शिवीगाळ करतो, इंजेक्शन घेतो आणि संध्याकाळी घरी जातो. लेस्टरच्या मुलाचं व्यवस्थित चाललंय ना, तर आतेभावाला विचारा की तो डिपो इंजेक्शनवर आहे का आणि नर्स किती वेळा येते. मला जवळजवळ खात्री आहे की दोन्हीचं उत्तर तुम्हाला सीटीओपेक्षा जास्त काही सांगून जाईल.

का ते सांगतो. या विषयावर जगात रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेले अभ्यास, मोजून तीन झाल्यात. दोन अमेरिकेतल्या, एक नॉर्थ कॅरोलिनात आणि एक न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात, आणि तिसरी इंग्लंडची ऑक्टेट, जी 2013 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, ऑक्सफर्डच्या टॉम बर्न्स यांची. ऑक्टेटमध्ये सायकोसिसचे (भास-भ्रम होणाऱ्या आजारांचे) 336 पेशंट घेतले, निम्म्यांना सीटीओ आणि निम्म्यांना जुन्या पद्धतीने हॉस्पिटलातून छोटी रजा देऊन मग सोडलं. वर्षभरात परत ॲडमिट किती झाले? दोन्हीकडे 36 टक्के. फरक शून्य. फरक पडला तो फक्त बंधनाच्या काळात, सीटीओवाल्यांवर कायद्याचं बंधन साधारण 183 दिवस होतं आणि दुसऱ्या गटात 8. बर्न्स हे सीटीओ यावा म्हणणाऱ्यांपैकी होते, निकाल हातात आल्यावर त्यांनी उघडपणे मत बदललं, जे आमच्या धंद्यात फार कमी लोक करतात.

बेलव्ह्यूतही फरक दिसला नाही. नॉर्थ कॅरोलिनात एकूण फरक नव्हता, पण नंतर आकडे उलगडून बघितले तेव्हा असं दिसलं की ज्यांच्यावर ऑर्डर सहा महिन्यांहून जास्त राहिली आणि ज्यांना त्या काळात सेवा वारंवार मिळाली, म्हणजे कोणीतरी महिन्यातून अनेकदा भेटत राहिलं, त्यांचं ॲडमिट होणं कमी झालं. हे नंतर केलेलं विश्लेषण आहे, त्यावर फार भार टाकायचा नाही, पण माझ्या अनुभवाशी जुळतं. 2005 च्या कॉक्रेन रिव्ह्यूने, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र करून काढलेल्या आढाव्याने, हिशोब मांडला होता की एक रीॲडमिशन टाळायला 85 जणांवर ऑर्डर लावावी लागते. म्हणजे एकासाठी चौऱ्याऐंशी जणांवर विनाकारण बंधन. त्याच रिव्ह्यूच्या नंतरच्या आवृत्तीत एक चांगली बाजूही होती, ऑर्डरवर असलेले लोक गुन्ह्यांचे बळी कमी ठरले, आणि हे मी दुर्लक्ष करण्यासारखं समजत नाही कारण आजारी माणूस रस्त्यावर मार जास्त खातो, मारतो त्यापेक्षा.

आता यावर माझं मत. सीटीओचा पेशंटवर होणारा परिणाम आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो आणि टीमवर होणारा परिणाम जास्त. कागद असला की टीम त्या पेशंटला सोडत नाही. आठवड्याच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव येतंच, डिपोची तारीख चुकली तर त्याच दिवशी कोणीतरी विचारतं, केअर कोऑर्डिनेटर, म्हणजे टीममधला त्या पेशंटची जबाबदारी असलेला माणूस, रजेवर असेल तर दुसरा जातो. कागद नसला की "पेशंट एंगेज होत नाही" असं लिहून फाइल जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पाठवून द्यायला कोणी अडवत नाही. नॉटिंगहमला 13 जून 2023 ला तिघांना ठार मारलं गेलं, मारणाऱ्याला पॅरनॉइड स्किझोफ्रेनिया होता, आधी अनेकदा ॲडमिट झालेला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये टीमने त्याला प्रतिसाद देत नाही म्हणून जीपीकडे सोडून दिलं होतं. नंतर चौकशीत हेच पुढे आलं. जो प्रतिसाद देत नाही त्यालाच सोडायचं, हा उलटा न्याय तिथे आहे आणि आपल्याकडे तर नियमच आहे, फक्त आपण लिहून ठेवत नाही, पेशंट फॉलोअपला आला नाही म्हणजे संपलं.

न्यूयॉर्कचा केंद्राज लॉ, म्हणजे तिथला सीटीओसारखा कायदा, त्याची गोष्टही अशीच. जानेवारी 1999 मध्ये केंद्रा वेबडेल या मुलीला एका आजारी माणसाने मेट्रोसमोर ढकललं आणि त्याच वर्षी कायदा झाला, त्यात कोर्ट ऑर्डर देतं. गंमत म्हणा किंवा काय म्हणा, त्या माणसाने आधी स्वतःहून अनेकदा मदत मागितली होती, जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. सक्तीची गरज त्याला नव्हतीच, बेडची होती.

आणखी एक गोष्ट जी लेस्टरसारख्या शहरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी. सायमन वेस्ली यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने कायद्याचा आढावा घेतला, डिसेंबर 2018 ला रिपोर्ट आला, त्यात होतं की कृष्णवर्णीय लोकांवर सीटीओ लागण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या आठपटीहून जास्त आहे. अधिकार एकदा हातात आला की तो कोणावर वापरला जातो हे आजाराच्या तीव्रतेवरच ठरतं असं नाही. आपल्याकडे असा कायदा आला तर तो कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या घरातल्या माणसांवर जास्त लागेल, आणि जमिनीच्या वाटणीत कोणाच्या कामाला येईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आपल्याकडे. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017, मे 2018 पासून लागू. यात सीटीओ नाही, आणि तो विसरून राहिलाय असं नाही, विचार करूनच ठेवलेला नाही. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2007 मध्ये मान्य केला आणि त्याला धरून हा कायदा लिहिला, त्यामुळे पाया संमतीचा आहे. सक्ती आहे ती हॉस्पिटलच्या आत आणि मुदत घालून. कलम 89 खाली सपोर्टेड ॲडमिशन होतं, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हने, म्हणजे पेशंटच्या प्रतिनिधीने, अर्ज करायचा, दोघांनी वेगवेगळं तपासायचं ज्यात एक सायकियाट्रिस्ट हवा, आणि पेशंट स्वतःला इजा करू बघतोय, दुसऱ्यावर हिंसक होतोय किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नाही इतका बिघडलाय असं काहीतरी हवं. 30 दिवस. पुढे लागलं तर कलम 90. स्वतःची काळजी घेऊ शकत नाही हा तिसरा मुद्दा तुम्ही लक्षात ठेवा, कारण घरचे नेहमी समजतात की मारहाण केल्याशिवाय ॲडमिट करता येत नाही. चार दिवस जेवला नाही, आंघोळ नाही, रात्री हायवेवर चालत जातो, हे सुद्धा त्यात बसतं, डॉक्टरला तारखांसकट सांगा.

पण समजा उद्या सीटीओ आला. रीकॉल करणार कोण? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. कराडहून कुठलंही गाठायचं म्हणजे काही तास तरी जाणार, आणि गाडीत भावाला बसवणार तुम्ही आणि बाबाच, कारण घरी येणारी नर्स आपल्या सिस्टीममध्ये नाही. म्हणजे कागदाचा सगळा भार शेवटी आईबाबांवर, आणि भावाच्या नजरेत पोलीस कोण तर आई. इंग्लंडमध्ये निदान राग काढायला नर्स असते.

घरी जाणारं माणूस असलं की काय होतं हे आपल्याकडे बघून झालंय, आणि तुमच्याच जिल्ह्यात. कोप्सी नावाची ट्रायल, 2014 मध्ये लॅन्सेटमध्ये आली, तीन ठिकाणी झाली, तामिळनाडू, गोवा आणि सातारा. स्किझोफ्रेनियाचे 282 पेशंट. स्थानिक साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन कम्युनिटी वर्कर केलं, ते घरी जायचे, औषधांबद्दल बोलायचे, घरच्यांशी बोलायचे, कामाला लागायला मदत करायचे, डॉक्टर मागे होतेच. वर्षाने लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण दोन्ही थोडी जास्त सुधारली. थोडीच, आणि फायदा सगळ्यात जास्त तामिळनाडूच्या खेड्यांत दिसला, साताऱ्यात आणि गोव्यात तेवढा नाही, हेही सांगायला हवं. पण सक्ती शून्य. मला विचाराल तर सरकारने पैसा कायद्यावर नाही, या माणसांच्या पगारावर घालावा.

जेवणात गोळी मिसळण्याबद्दल. मी तुम्हाला रागावणार नाही, पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये हे सर्रास चालतं, आणि काही वेळा डॉक्टरच ड्रॉप्स लिहून देतात की वरणात घाला. मी देत नाही. एका घरात आई चहात ड्रॉप्स घालायची, सहा-सात महिने ठीक चाललं, मग मुलाच्या लक्षात आलं की आपला कप नेहमी वेगळा भरला जातो. त्याने कप बदलून बघितला, ती घाबरून म्हणाली "तो नको घेऊस". झालं. ज्याला आधीच वाटत होतं की घरचे विष घालतायत त्याला पुरावा मिळाला, त्यानंतर त्याने घरचं खाणं सोडलं, बाहेरचे बिस्किटपुडे फोडून खायचा, आणि पुढची दोन वर्षं कुठल्याही डॉक्टरची गोळी घेतली नाही. शिवाय लपवून दिलं की साइड इफेक्ट कोणी विचारत नाही. त्याला दिवसभर झोप का येते, हात का थरथरतात, त्याला कळत नाही, तो म्हणतो आजार वाढलाय किंवा कोणी करणी केलीय. आणि सुधारला तर त्याला वाटतं गोळीशिवायच सुधारलो.

त्यापेक्षा तो गोळ्या का सोडतो हे एकदा नीट विचारा, आजारी असताना नाही, आत्ता बरा असेल तर आत्ता. "मला काही झालेलं नाही" हे एक कारण असतं, ते आजाराचाच भाग आहे, वाद घालून जात नाही. पण त्याच्या मागे बऱ्याचदा दुसरं असतं जे तो आईसमोर बोलत नाही. वजन पंधरा किलो वाढलं, पाय स्थिर राहत नाहीत, सकाळी उठवत नाही म्हणून कामावरून काढलं, लैंगिक अडचण आहे. या प्रत्येकावर काहीतरी करता येतं, औषध बदलून, डोस कमी करून, रात्रीची वेळ बदलून. डॉक्टरकडे त्याला पाच मिनिटं एकट्याला बसू द्या.

डिपोबद्दल विचारा. हॅलोपेरिडॉल किंवा फ्लुफेनाझिनचं डिपो जुनं आणि स्वस्त आहे, दोन ते चार आठवड्यांनी एकदा, पॅलिपेरिडोन महिन्याने एकदा पण महाग. डिपोचा मोठा फायदा औषधाच्या ताकदीत नाही. रोज रात्री "घेतलीस का गोळी" हे भांडण बंद होतं, आणि चुकली तर चुकल्याचं त्याच दिवशी कळतं, दोन महिन्यांनी भिंतीशी बोलायला लागल्यावर नाही. त्याच्या संमतीने द्यायचं, आणि "तीन महिने करून बघू, नाही पटलं तर बंद" असं म्हटलं तर बरेच जण तयार होतात.

आणि बरा असतानाच एक काम करून घ्या, आपल्या कायद्यात ही सोय आहे आणि कोणी वापरत नाही. कलम 14 खाली तो स्वतःचा नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह नेमू शकतो, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. तुमचं नाव घालायला तो तयार असेल तर आई यातून सुटते. दुसरं, कलम 5 खाली ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह. मी बिघडलो, मला समजेनासं झालं, तर मला कुठे न्यावं, कोणतं औषध चालेल, कोणतं नको, हे तो आत्ता लिहून ठेवू शकतो. "येरवड्याला नको, अमुक डॉक्टरकडे न्या, डिपो चालेल, शॉक नको" असं. इमर्जन्सीत ते लागू होत नाही आणि या कायद्याखालचं मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्ड ते बदलू शकतं, तरी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असलं की ॲडमिट करताना "तुम्ही मला फसवून आणलं" हे भांडण बरंच कमी होतं. सीटीओत डॉक्टर अटी घालतो, इथे पेशंट घालतो. गंमत म्हणजे नोव्हेंबर 2024 मध्ये ब्रिटनच्या संसदेत जे नवीन विधेयक आलं त्यात नातेवाइकाऐवजी पेशंटने निवडलेला माणूस ही सुधारणा होती, आपल्याकडे 2017 च्या कायद्यातच आहे.

परत ॲडमिट करावं लागलंच तर डिस्चार्जची घाई करू नका. कलम 91 खाली अटी घालून रजेवर सोडता येतं, मुदत असेपर्यंत, म्हणजे दोन दिवस घरी आणून बघायचं, नाही जमलं तर परत. ऑक्टेटमधला दुसरा गट आठवतो ना, साधारण तसंच. आणि कलम 98 खाली डिस्चार्जच्या आधी पुढचा प्लॅन पेशंटशी, तुमच्याशी आणि पुढे बघणाऱ्या डॉक्टरशी बोलून ठरवणं हॉस्पिटलचं काम आहे, तो मागून घ्या, लेखी, त्यात डिपोची पुढची तारीख हवी.

घरातच अचानक बिघडलं तर कलम 94, कोणताही रजिस्टर्ड डॉक्टर, अगदी गावातला एमबीबीएस, जिवाला धोका असेल तर नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हच्या संमतीने घरीसुद्धा इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, 72 तासांपर्यंत, म्हणून फॅमिली डॉक्टरला आधीच सगळं सांगून ठेवा आणि रिप्रेझेंटेटिव्ह नेमल्याच्या कागदाची कॉपी द्या. पोलीस लागले तर कलम 100, त्यांनी लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. हे ठाण्यात सगळ्यांना माहीत असतंच असं नाही, कलमाचा नंबर सांगितला की फरक पडतो.

औषधांचा खर्च हा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, तिथे विचारा. पुण्यात सा म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, आईबाबांना तिथे एकदा घेऊन या, त्यांना डॉक्टरपेक्षा दुसरे आईबाबा जास्त उपयोगी पडतील. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलता येतं. आणि भावाला सध्या कोणतं औषध किती डोसमध्ये चालू आहे आणि आधी कोणकोणती देऊन झालीत ते कळवा, दोन औषधं पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस देऊनही उपयोग झाला नसेल तर क्लोझापिन या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं, त्याचं डिपो येत नाही आणि रक्त तपासत राहावं लागतं, त्यामुळे मग वरचा प्लॅन थोडा बदलेल.